लोडिंगवरचं फाटक

ही घटना खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो गौतम माझा सख्खा मावसभाऊ. सौंसरला राहतो, आजही रोज कामावर जातो. कोणाला खात्री करायची असेल तर मी फोन लावून देईन. फक्त पांढुर्ण्यातल्या त्या इमारतीचं नाव मी सांगणार नाही. तिथे आता मुली राहतात.

तारीख एकवीस मे, दोन हजार चोवीस. वार मंगळवार. वेळ सव्वा वाजताची.

दुपारची.

भुताची गोष्ट म्हटली की लोक अमावस्या विचारतात. त्या दिवशी ऊन एवढं होतं की लोखंडी पाइपाला हात लागला तर चटका बसत होता. आणि तरीही गौतम सांगतो की त्या वेळी त्याच्या अंगावर काटा आला होता...

गौतमचं घर बौद्ध. घरात देव्हारा नाही, अंगारा-धुपारा नाही. लहानपणी आम्ही सगळी भावंडं गच्चीवर भुताच्या गोष्टी सांगत बसायचो, तेव्हा हा मधेच उठून झोपायला निघून जायचा. सिव्हिलचा डिप्लोमा केला, तीन वर्षं नागपुरात एका मोठ्या साइटवर सुपरवायझर होता. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ते काम सोडून परत आला, आणि सहा मे रोजी पांढुर्ण्याच्या या साइटवर लागला.

तिगावच्या दिशेला, वस्तीच्या थोडं बाहेर. मुलींचं होस्टेल बांधणं चालू होतं. चार मजली. तिसऱ्या मजल्यावर विटांचं काम सुरू होतं आणि मागच्या बाजूला पाइपांची परांची उभी होती. त्या परांचीला जोडून, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, एक ओटा बाहेर काढलेला होता. खालून विजेची मिनी लिफ्ट विटांचा डबा वर ओढायची. ओट्यावर उभा असलेला माणूस तो डबा हातानं आत खेचून माल उतरवून घ्यायचा.

साइटवर सगळे त्या ओट्याला नुसतं ‘लोडिंग’ म्हणायचे.

गौतम पहिल्याच दिवशी तिथे गेला आणि जागीच थांबला.

ओट्याच्या दोन्ही बाजूंना पाइपांचे कठडे होते. समोर, जिथून डबा आत यायचा तिथे, काहीच नव्हतं. नुसती मोकळी हवा. खाली तीस-पस्तीस फूट.

नागपूरच्या साइटवर असल्या ओट्याला दोन फाटकं असायची. बाहेरचं उघडलं की आतलं आपोआप लागायचं. म्हणजे बाहेरची बाजू उघडी असेपर्यंत माणूस कडेला जाऊच शकायचा नाही. इथे साधं एक फाटकसुद्धा नव्हतं. बिजागऱ्या मात्र होत्या. दोन. पाइपाला घट्ट वेल्ड केलेल्या.

खाली लिफ्टच्या बटनावर दादाराव बसायचा. लोधीखेड्याचा, पंचावन्न-साठीचा माणूस, डोक्याला कायम ओला दुपट्टा.

“दादाराव भाऊ, लोडिंगचं फाटक कुठे आहे?”

“नाही जी.”

“नाही म्हणजे? लागलंच नव्हतं?”

दादारावनं तंबाखू मळायला घेतला.

“होतं,” तो म्हणाला. “काढलं.”

“काहून?”

“माल चढवाले वेळ लागे. दर डब्याले उघडा, दर डब्याले लावा... शेठ म्हणे, काढून टाक.”

शेठ म्हणजे ठेकेदार भाऊराव. गौतमनं लगेच फोन लावला. भाऊराव चिडला वगैरे नाही. हसून म्हणाला, “लावू ना बाबू. दोन दिवसांत लावू. तू काम पाह्य.”

दोन दिवसांचे आठ झाले.

तोवर गौतमनं त्याला जमेल ते केलं. ओट्यावर विटांची थप्पी रचून ठेवलेली असायची, ती हलवली. एका वेळी किती विटा ठेवायच्या ते खडूनं खांबावर लिहिलं. खाली जमिनीवर चुन्याचा चौकोन आखला आणि सगळ्यांना सांगितलं की याच्या आत कोणी बसायचं नाही, उभं राहायचं नाही. समोरच्या मोकळ्या जागेत एक जाड दोर बांधला. डबा आला की सोडायचा, डबा गेला की बांधायचा.

आणि हे सगळं करत असतानाच त्याच्या एक गोष्ट लक्षात आली.

साइटवर सिमेंटची धूळ असतेच. खांबावर, पाइपावर, माणसांच्या भुवयांवर. लोडिंगच्या ओट्यावरही संध्याकाळपर्यंत बोटभर थर बसायचा.

फक्त दोन ठिकाणी बसत नव्हता.

ओट्याच्या अगदी कडेला. एकमेकांच्या शेजारी.

दोन पावलांएवढ्या जागा...

गौतमला वाटलं, माल घेणारा माणूस तिथेच उभा राहतो, म्हणून पुसली जात असेल. पण रविवारी काम बंद होतं. सोमवारी सकाळी तो सगळ्यांत आधी वर गेला. ओटा पांढरा झाला होता.

त्या दोन जागा स्वच्छ होत्या.

त्यानं ते कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

साइटवर जेवणाची सुट्टी एक ते दोन. सगळे मजूर पुढच्या बाजूच्या कडुनिंबाखाली जाऊन बसायचे. गौतम आपला डबा तिसऱ्या मजल्यावर खायचा, तिथे जरा हवा लागायची म्हणून. त्या सोमवारी तो भिंतीला टेकून जेवत होता. खालून बोलण्याचा आवाज येत होता. दूर रेल्वेलाइनवर मालगाडी जात होती.

मालगाडी गेली.

खालचं बोलणंही थांबलं. ऊनच तसं होतं, माणसं आडवी झाली असतील.

आणि मग...

खट्ट.

लोखंडावर लोखंड. पाइपाचं फाटक लावल्यावर कडी पडते ना, अगदी तसा.

गौतमनं हातातला घास ठेवला. लोडिंगकडे पाहिलं. दोर जसाच्या तसा बांधलेला. ओट्यावर कोणी नाही.

त्यानं मोबाइलमध्ये वेळ पाहिली. एक वाजून पंधरा मिनिटं.

उन्हानं लोखंड फुगतं, आवाज करतं. हे तो शिकलेला होता. त्यानं घास उचलला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एक वाजून पंधरा मिनिटं. खट्ट.

तिसऱ्या दिवशी कडीच्या आवाजानंतर एक माणूस बोलला.

“सरका...”

हळू नाही, मोठ्यानंही नाही. वरून खालच्या माणसांना सांगतात तसं. लांबवून. “सरका...”

गौतम धावत लोडिंगवर गेला. ओट्यावर कोणी नव्हतं. त्यानं दोराच्या अलीकडून वाकून खाली पाहिलं.

चुन्याच्या चौकोनाच्या आत एक बाई भांडी घासायला बसली होती. वच्छलाबाई. सावरगावची, विटा वाहणारी रेजा. ती उठत होती. भांडी पदरात गोळा करून लगबगीनं बाजूला सरकत होती.

गौतम खाली उतरून तिच्याकडे गेला.

“बाई, तिथं बसायचं नाही सांगतलं होतं ना?”

“चुकलं जी. पाण्याचा नळ तिथंच हाये म्हणून बसली. तुमी आवाज देल्ला अन् सरकली ना लगेच.”

“मी आवाज दिला नाही.”

वच्छलाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग वर लोडिंगकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

“काय म्हणे तो आवाज?” तिनं विचारलं.

“तुम्हीच ऐकला ना?”

“तुमी सांगा ना जी. काय म्हणे?”

“सरका.”

वच्छलाबाईनं भांडी खाली ठेवली. तिच्या तोंडून मग ते सगळं निघालं.

फेब्रुवारीत या लोडिंगवरून पडून तुळशीराम मेला होता. तिगावचा मिस्त्री. डबा वर यायच्या आधी तो नेहमी खाली बघून हाक द्यायचा, “सरका...” त्याची हाक आल्याशिवाय कोणी हलत नसे, आणि हाक आली की सगळे हलत. त्या दिवशी विटांचा ट्रक उशिरा आला. भाऊराव म्हणाला, जेवणाच्या सुट्टीतच माल चढवून घ्या. तुळशीराम हातातली भाकर ठेवून वर गेला. डबा ओट्याच्या कडेला अडकला. त्यानं वाकून जोरात ओढला. डबा सुटला आणि त्याला घेऊन बाहेर झुलला...

समोर धरायला काही नव्हतं.

“किती वाजता?” गौतमनं विचारलं.

“जेवाच्या सुट्टीत जी. भाकर अर्धीच खाल्ली होती त्यानं.”

“आणि शेठ काय म्हणतो?”

“शेठ म्हणते पेऊन होता. साहेब, तो माणूस बिडी नव्हता वढत.”

त्यानंतर ती कधी त्या बाजूच्या नळावर गेली नाही. गौतमनंही डबा खाली खायला सुरुवात केली. भ्यायलो नव्हतो, असं तो मला म्हणाला. पण वर जेवण उतरत नव्हतं.

वीस मेला, सोमवारी, भाऊराव स्वतः टेम्पो घेऊन आला. टेम्पोत लोखंडी पाइपाचं फाटक होतं. जुनं, गंजलेलं, कुठल्यातरी दुसऱ्या साइटवरून काढून आणलेलं. दोन माणसांनी ते वर नेऊन बिजागऱ्यांत बसवलं. मग भाऊरावनं सिमेंटचं पाणी कालवायला लावलं आणि त्या फाटकावर हातानं फासायला लावलं. वर्षभर तिथेच असल्यासारखं ते दिसायला लागलं.

गौतमला बरं वाटलं. काहीतरी का होईना, फाटक लागलं.

भाऊरावनं त्याला गाडीत बोलावलं. एसी चालू होता. मांडीवर एक टाइप केलेला कागद होता.

“उद्या चार वाजता चौकशीचे साहेब येऊन राहिले. तुळशीरामच्या मॅटरचे. हे वाचून घे, अन् खाली सही कर.”

गौतमनं वाचलं. साइट सुपरवायझर म्हणून मी लिहून देतो की मी कामावर आलो त्या दिवसापासून लोडिंगला फाटक लावलेलं आहे. फाटक जुनं आहे. मजूर कधी कधी ते सांगूनही उघडं ठेवतात.

“शेठ, हे तर आज...”

“तुले कोण विचारून राहिलं आजचं?” भाऊराव शांतपणे बोलत होता. “तू होता का तेव्हा इथं? नव्हता. मेलेला माणूस काही वापस येत नाही बाबू. साइट बंद पडली तर ही चाळीस माणसं पावसाच्या तोंडावर कुठं जातील? ती वच्छला कुठं जाईल? अन् तुही आई आताच ऑपरेशनमधून उठली.”

गौतमनं सही केली.

का केली, असं मी त्याला कितीदा विचारलं. तो म्हणतो, एसीत बसलो होतो, पेन हातात दिला, आणि सही झाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साइटवर आला तेव्हा फाटक उघडं होतं.

त्यानं लावलं. कडी कडक होती, तळहातानं ठोकावी लागायची तेव्हा बसायची. खट्ट. आवाज तोच होता. तोच, जो त्यानं आदल्या आठवड्यात तीन दुपारी ऐकला होता.

दहा वाजता वर गेला. फाटक उघडं.

“दादाराव भाऊ, फाटक कोणी उघडलं?”

“मी खालून हाललो नाही जी. अन् आज लोडिंग बंद ठेवाले शेठनंच सांगतलं ना? साहेब येऊन राहिले म्हणून.”

बारा वाजता पुन्हा उघडं.

आता मात्र गौतमला घाम फुटला, तो चौकशीच्या धसक्यानं. चार वाजता साहेब येणार आणि फाटक टांगलेलं दिसणार. त्यानं ठरवलं, तारेनं बांधूनच टाकायचं.

एक वाजता लाइट गेली. मजूर कडुनिंबाखाली गेले. गौतम बांधणीची तार आणि पक्कड घेऊन एकटाच वर गेला.

लोडिंगवर पोचला. फाटक लावलं. कडी ठोकली. पक्कड पायाशी ठेवली होती, ती घ्यायला खाली वाकला.

सरळ उभा राहिला.

फाटक उघडं होतं.

पूर्ण उघडं. कठड्याला टेकलेलं. कडीचा आवाज आला नव्हता, बिजागरी करकरली नव्हती. वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं.

गौतम म्हणतो, तेव्हा पळायला हवं होतं. पण पायांना ते सुचलं नाही.

खालून एक आवाज यायला लागला...

घर्रर्र...

लिफ्टची तार गुंडाळली जात होती.

लाइट नव्हती. बटनाजवळचं दादारावचं स्टूल रिकामं होतं. तरी तार ताणलेली होती आणि काहीतरी वर येत होतं. हळूहळू. एक मजला... दोन मजले...

विटांचा डबा. रिकामा.

तो ओट्यासमोर येऊन थांबला. नेहमी थांबायचा तसाच, हातभर अंतरावर, जरासा झुलत. कडेला टेकला. अडकला.

आणि गौतमच्या कानाच्या अगदी मागे कोणीतरी बोललं.

“घ्या साहेब... माल घ्या.”

आवाजात राग नव्हता. रोजच्या कामातला आवाज. दमलेला.

गौतमचा उजवा हात पुढे गेला. तो म्हणतो, मी नेला नाही, तो गेला. बोटं डब्याच्या कडेला लागली. लोखंड थंडगार होतं. त्या उन्हात... थंडगार.

त्यानं खाली पायांकडे पाहिलं.

चारही बाजूंना पांढरी धूळ होती. त्याचे पाय धुळीत नव्हते. त्या दोन स्वच्छ जागांवर होते. बरोब्बर बसले होते.

डबा सुटला.

त्याच क्षणी त्याच्या उजव्या खांद्यावर एक हात पडला. जड, खरबरीत, पाचही बोटं कळावीत असा. एक जोराचा हिसका बसला. पायाखालून ओटा गेला. आभाळ, परांची, चुन्याचा चौकोन, सगळं एकदम फिरलं, आणि खालून एका बाईची किंकाळी आली...

“साहेब!”

त्याला कळलं तेव्हा तो ओट्यावर उताणा पडला होता. दोन्ही पाय कडेच्या बाहेर लोंबत होते. डाव्या हातात कठड्याचा पाइप होता, तो कधी धरला हे त्याला आठवत नव्हतं. एका पायातला बूट खाली पडला होता.

लिफ्टचा डबा खाली जमिनीवर होता. सकाळपासून होता तिथेच. तार सैल पडलेली.

वच्छलाबाई आणि दादाराव दोघंही धावत वर आले. ते इमारतीच्या कोपऱ्यावरच्या टाकीतलं पाणी घ्यायला आले होते आणि दोघांनीही वर पाहिलं होतं.

दादाराव गौतमच्या जवळ यायला तयार नव्हता. जिन्याच्या तोंडाशीच थांबून म्हणाला,

“ढकललं जी. त्यानं तुमाले ढकललं. मी पायलं. तुळशीरामच होता.”

“काहीही सांगून राहिले भाऊ!” वच्छलाबाई त्याच्यावर ओरडली. “ढकललं कुठं? धरलं त्यानं! खांद्याले धरलं अन् आत वढलं. नाही तं साहेब आता खाली असते.”

“वच्छले, मी डोळ्यानं पायलं.”

“मीनं का कानानं पायलं?”

गौतम दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्यानं पक्कड घेतल्यापासून कोणालाच पाहिलं नव्हतं. ही दोघं मात्र त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाबद्दल भांडत होती. आणि कोणी होतं का, याबद्दल दोघांचंही भांडण नव्हतं.

मग दादाराव खाली बसला. दुपट्टा तोंडाला लावून रडायला लागला. म्हणाला, ते जुनं फाटक त्यानंच काढलं होतं. शेठनं सांगितलं आणि त्यानं आपल्याच पान्यानं बोल्ट खोलले. आणि त्या दिवशी बटनही त्याच्याच हातात होतं.

“मले माहीत हाये तो कायले आला. माह्यासाठीच आला तो. तुमाले ढकलून मले दाखवून राहिला.”

चार वाजता चौकशीचे साहेब आले. भाऊराव सोबत होता, पांढऱ्या शर्टात, हातात नारळपाणी. साहेब वर चढले, फाटक हलवून पाहिलं, कडी लावून पाहिली. मग कागद काढला.

“ही सही तुमची?”

“हो साहेब,” गौतम म्हणाला. “सही माझी आहे. लिहिलेलं खोटं आहे. हे फाटक काल लागलं.”

भाऊरावचा हात नारळावर तसाच राहिला.

“काय बोलून राहिला तू?”

“खरं बोलून राहिलो शेठ. मी आलो तेव्हा इथं दोर होता, तोही मीच बांधला.”

मागून दादाराव पुढे आला. त्यानं दुपट्टा काढून हातात घेतला होता.

“साहेब, आधीचं फाटक म्या काढलं. शेठच्या सांगण्यावरून. अन् तुळशीराम पेऊन नव्हता. अर्धी भाकर खाऊन वर गेला होता तो.”

साहेबांनी दोघांचेही जबाब तिथेच उभ्या उभ्या लिहून घेतले. काम थांबवलं. भाऊरावकडून ते काम गेलं, दुसऱ्या ठेकेदारानं पुढच्या वर्षी इमारत पूर्ण केली. केस चालू आहे. दादाराव लोधीखेड्याला परत गेला, तो पुन्हा कोणत्याच साइटवर गेला नाही. वच्छलाबाई आता संत्र्याच्या बागेत कामाला जाते.

गौतमच्या उजव्या खांद्यावर आठ दिवस निळसर डाग होते. बोटांचे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. डॉक्टर म्हणाले, कुठेतरी जोरात आपटलं असेल. ढकललं तरी तसेच डाग पडतील आणि ओढलं तरी तसेच. मी त्या डागांवर माझी बोटं ठेवून पाहिली. पुढून ठेवली, मागून ठेवली. काही कळलं नाही.

गौतमला मात्र कळायला हवं होतं. तो झोपत नव्हता. जेवता जेवता मधेच विचारायचा, “तुला काय वाटते? ढकललं का धरलं?” जो दिसेल त्याला विचारायचा. पंधरा दिवसांनी तो म्हणाला, मला तिगावला घेऊन चल. तुळशीरामच्या घरी.

मी गाडी काढली.

स्टेशनच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर होतं. तुळशीरामची बायको शकुंतला ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, पेरणीचं बियाणं. तिनं आम्हाला सतरंजी टाकून दिली, पाणी दिलं. गौतमनं तिला सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. धूळ, आवाज, डबा, हात. काही लपवलं नाही.

ती रडली नाही. शेंगा फोडत ऐकत राहिली.

“बाई,” गौतम शेवटी म्हणाला, “एक जण म्हणते ढकललं. एक जण म्हणते धरलं. तुमाले काय वाटते?”

तिनं थोडा विचार केला.

“सही तुमी आधी केली का नंतर?”

“आधी. आदल्या दिवशी.”

“काय लिवलं होतं त्याच्यात?”

गौतमनं सांगितलं. फाटक होतं. मजूर ते उघडं ठेवतात.

तिचे हात थांबले.

“मंग ढकललं असन,” ती म्हणाली.

शिवी नाही, आवाज चढवणं नाही. आज पाऊस येईल असं म्हणावं, तसं म्हणाली.

“पण मी नंतर खरं सांगतलं, बाई. सगळ्यांसमोर सांगतलं.”

“हाव,” ती म्हणाली. “पडता पडता राहिले म्हणून सांगतलं.”

तिनं सूप उचललं, टरफलं पाखडली आणि ती आत गेली. आम्ही बराच वेळ बसलो. ती बाहेर आली नाही. चूल पेटल्याचा वास आला, पण चहाला कोणी बोलावलं नाही. मग आम्ही उठलो.

परत येताना मी त्याची समजूत काढत होतो. म्हटलं, बाईचा नवरा गेला आहे, तिच्या तोंडून दुसरं काय निघणार? वच्छलाबाईनं स्वतः पाहिलं आहे ना? मग तिचं खरं मान. त्यानं वाचवलं असं समज आणि सोडून दे.

गौतम मागे बसला होता. उजवा खांदा डाव्या हातानं धरून.

घरासमोर उतरल्यावर म्हणाला,

“वच्छलाबाईनं त्याले लांबून पाह्यलं, तेही अर्धा मिनिट. ही बाई अठरा वर्षं राहिली त्याच्यासोबत.”

आणि आत गेला.